लिमयांच्या गीझरचा अधिकृत आवाज

कोणताही बिघाड दुरुस्त होण्याआधी त्याची रीतसर नोंद व्हावी लागते, हे प्रगत समाजाचे पहिले लक्षण होय. मागासलेल्या समाजात नळ गळू लागला की माणसे तो घट्ट करतात आणि विसरून जातात. त्यामुळे पुढच्या पिढीला त्या गळतीचा काहीच अभ्यास करता येत नाही. दुबईच्या अल कुसैसमधल्या वसंतराव लिमये यांच्या घरी असा अविचार कधी झाला नाही.

वसंतराव ॲल्युमिनियमची दारेखिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर होते. त्या काळी आखातातल्या प्रत्येक कंपनीला गुणवत्तेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र हवे होते, आणि वसंतरावांनी आपल्या कंपनीला ते मिळवून दिले होते. त्यासाठी त्यांनी दोनशे चौदा फॉर्म तयार केले. (खिडक्या पूर्वीसारख्याच बनत राहिल्या, पण वाकडी खिडकी का वाकडी आहे, हे आता कागदावर दाखवता येत असे.) प्रमाणपत्राची चौकट रिसेप्शनवर लागली त्या दिवशी अरब मालकाने वसंतरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना ‘हबीबी’, म्हणजे ‘माझ्या लाडक्या’, म्हटले. तेव्हापासून वसंतरावांचा फॉर्मवर जो विश्वास बसला तो देवावरच्या विश्वासापेक्षा अंमळ जास्तच होता, कारण देव पोच देत नाही.

त्यांच्या घरातला गॅस गीझर आधीच्या भाडेकरूने, एका इटालियन इंजिनियरने, जाताना भिंतीवरच ठेवलेला होता. तो स्वयंपाकघरात सिंकच्या वर, बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होता. त्यात एक छोटी ज्योत सतत तेवत असे. न्हाणीघरातला किंवा सिंकचा गरम पाण्याचा नळ सोडला की आत गॅस सुटे आणि मोठा बर्नर त्या छोट्या ज्योतीवर पेट घेई. म्हणजे अंघोळ कोणाचीही असो, पेट घेण्याच्या वेळी समोर कुमुदताई असत. वसंतरावांच्या या पत्नी पहाटे साडेपाचपासून स्वयंपाकघरातच असत.

आखातात गीझरला वर्षातले सात-आठ महिने पूर्ण पगारी रजा असते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हानेच इतके तापते की थंड पाण्याचा नळ सोडला तरी माणूस उडी मारतो. त्यामुळे एप्रिलात बंद केलेला गीझर लिमयांकडे थेट दिवाळीला पेटत असे. (सप्टेंबरात एकदा गीझरच्या खालच्या फटीतून एक कोळी आत शिरताना कुमुदताईंनी पाहिला होता. तसे त्या म्हणाल्याही. पण वसंतरावांच्या कंपनीत तेव्हा ऑडिट चालू होते.)

१९९९ सालच्या नरक चतुर्दशीला वसंतरावांनी अंगाला उटणे लावून नळ सोडला. दोन सेकंद काहीच झाले नाही. मग स्वयंपाकघरातून ‘भप्प’ असा आवाज आला, खिडकीची काच थरथरली आणि ओट्यावरचा चकल्यांचा डबा वीतभर पुढे सरकला. फटाक्यांना तिथे बंदी असल्यामुळे खालच्या मजल्यावरच्या मुलांनी मोठ्या अपेक्षेने टाळ्या वाजवल्या. कुमुदताई गीझरपासून दोन फुटांवर चहा टाकत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

वसंतराव अर्ध्या उटण्यानिशी धावत बाहेर आले. ते मनापासून घाबरले होते, हे इथे नमूद केलेच पाहिजे. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला कधी मोठ्याने हाक मारली नव्हती, ती आज मारली.

“कुमुद, लागलं का कुठं?”

“मला काही झालं नाही. पण तुम्ही हे उघडून बघा बरं. आतमध्ये...”

“हात लावू नकोस,” वसंतराव म्हणाले. “थांब, आधी फाइल उघडतो.”

फाइल त्याच दिवशी, फराळानंतर उघडली गेली. आवाज हा मोघम शब्द असल्यामुळे प्रथम त्याची प्रतवारी करण्यात आली :

अ वर्ग – ‘फुस्’. ऑपरेटर मागे वळून पाहत नाही.
ब वर्ग – ‘भप्प’. ऑपरेटर मागे वळून पाहतो.
क वर्ग – ‘धडाम’. ऑपरेटर मागे सरकतो.
ड वर्ग – ऑपरेटर शेरा देण्याच्या स्थितीत नाही.

(ऑपरेटर म्हणजे कुमुदताई. फॉर्ममध्ये माणसाचे नाव घालू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.)

आकडे गोळा करण्याचे काम नववीतल्या मुलीकडे, पर्णिकेकडे, आले. “बाबा, इट्स जस्ट अ गीझर,” ती म्हणाली. पण हाच तक्ता शाळेच्या सायन्स प्रोजेक्टला चालेल असे कळल्यावर तिने तो रंगीत पेनांनी भरला. वीस दिवसांत अठ्ठावन्न अंघोळी नोंदल्या गेल्या. अ वर्ग सात, ब वर्ग चव्वेचाळीस, क वर्ग सात. त्यावरून काढलेला आलेख इतका सुरेख आला की वसंतराव तो ऑफिसात घेऊन गेले आणि तिथे त्याचे कौतुक झाले. (‘इतर शेरे’ या रकान्यात कुमुदताईंनी पेन्सिलीने ‘कोळी’ असे लिहिले होते. पेन्सिलीने लिहिलेला मजकूर ग्राह्य धरत नाहीत.)

यानंतर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या रविवारी, जाणकारांची बैठक बोलावण्यात आली. बैठकीत मुख्य होते वसंतरावांचे मित्र देवदत्त. ते इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर होते आणि नुकताच संगणकांवरच्या संकटाचा एक सेमिनार ऐकून आले होते. नवे साल लागताच जगातले संगणक तारीख विसरणार, विमाने अडकणार आणि बँका बंद पडणार, असा तो काळ होता.

“वसंतराव, हा वाय-टू-केचा प्रॉब्लेम आहे,” देवदत्त म्हणाले.

“पण यात कॉम्प्युटर कुठंय?”

“तेच तर. दिसत नाही म्हणून डेंजरस. इटालियन मशीन आहे, आत काय बसवलं असेल कोण सांगणार? एक जानेवारीपर्यंत वेट करा. आपोआप खलास होईल नाहीतर कन्फर्म होईल.”

बाकीच्या दोघांनी अनुक्रमे इथला गॅस आणि इथले पाणी यांना दोष दिला. हे दोन्ही दोष आखातात कशालाही, अगदी केस गळण्यालाही, लागू पडतात. मग प्रात्यक्षिक झाले. प्रक्रिया-पुस्तिकेनुसार निरीक्षकांनी गीझरपासून तीन मीटर दूर उभे राहायचे होते. त्याप्रमाणे चारही पुरुष पॅसेजमध्ये उभे राहिले. सिंकचा नळ ऑपरेटरने सोडला. आवाज ब वर्गाचा निघाला. देवदत्तांनी डोळे मिटून तो ऐकला आणि “परत एकदा, वहिनी,” असे म्हटले. अशा सहा वेळा वहिनींनी नळ सोडला. मग सर्व जण जेवायला बसले. (मसालेभात आणि मठ्ठा उत्तम झाल्याची इतिवृत्तात नोंद आहे. मठ्ठा वाढताना कुमुदताई कोळ्याविषयी काही म्हणाल्या, ती नोंद नाही.)

डिसेंबर लागताच चकल्यांचा डबा रिकामा झाला आणि आवाजासरशी तो थेट खाली पडू लागला. तेव्हा कुमुदताईंनी कमरुद्दीन परकार यांना फोन केला. कमरुद्दीनभाई मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचे अल कुसैसमध्येच दुरुस्तीचे दुकान होते आणि गेल्या वीस वर्षांत त्या भागातला एकही एसी किंवा शेगडी त्यांच्या हातावाचून सुटली नव्हती. ते आले, कान देऊन एकदाच आवाज ऐकला आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

“एक मिनिट,” वसंतराव म्हणाले. “तुम्ही आमच्या मान्यताप्राप्त यादीवर आहात का?”

“कुठली यादी, साहेब? मी तर खालच्या गल्लीत आहे.”

वसंतरावांनी त्यांच्यापुढे सात पानी फॉर्म ठेवला. त्यात शिक्षण, अनुभव, मागील तीन ग्राहकांची शिफारस आणि वापरायच्या हत्यारांची तपासणी-तारीख मागितलेली होती. कमरुद्दीनभाईंनी तो चष्मा लावून आदराने वाचला.

“साहेब, चार स्क्रू आहेत,” ते म्हणाले. “तुमचं पयलं पान भरून होईस्तोवर माझं उघडून, लावून होईल.”

“आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

“आज काय होतंय त्याला कोण आहे?”

हा प्रश्न फॉर्मच्या कक्षेबाहेरचा असल्यामुळे वसंतरावांनी पेन पुढे केले. कमरुद्दीनभाईंनी चहा घेतला, फॉर्मची घडी करून खिशात ठेवली आणि “इन्शाल्ला, भरून आणतो,” असे म्हणून गेले. (जिन्यात कुमुदताईंनी त्यांना कोळ्याचे सांगितले. “बराबर आहे, भाभी,” ते म्हणाले, “पण घरच्या साहेबांचा हुकूम पायजे.”)

एक जानेवारी उजाडला. विमाने उडाली, बँका उघडल्या आणि सकाळी पावणेसहा वाजता लिमयांच्या गीझरने नेहमीप्रमाणे ‘भप्प’ केले. देवदत्तांनी फोनवर सखेद माघार घेतली. वसंतराव मात्र विचारात पडले. दोन महिन्यांत आवाजाची सरासरी बदललेली नव्हती. जी गोष्ट रोज, त्याच वेळी, तितक्याच प्रमाणात होते तिला बिघाड म्हणणे शास्त्राला धरून नाही. बिघाड अनियमित असतो. नियमित असते ते वैशिष्ट्य. याच तत्त्वावर जगातली कितीतरी सरकारे आणि सासरे चालतात.

त्याच दिवशी आवाजाला मान्यता देण्यात आली. क वर्गापर्यंतचा आवाज ‘अधिकृत’ ठरला आणि गीझरवर हिरवे स्टिकर लागले : तपासले. यापुढे आवाज न आल्यास ऑपरेटरने ताबडतोब कळवावे, असा नियमही झाला. कुमुदताईंनी स्टिकर वाचले आणि ओट्यावरचा डबा उचलून जमिनीवर ठेवला. फाइल बंद झाली. वसंतरावांना त्या दिवशी फार शांत झोप लागली, कारण आता घर सुरक्षित होते आणि तसे लेखी होते.

सोळा जानेवारीला, रविवारी सकाळी, पर्णिकेने शाळेच्या घाईत नळ सोडला. या वेळी दोन नव्हे, पाच सेकंद काही झाले नाही. कुमुदताई सिंकमध्ये तांदूळ धूत होत्या. मग गीझरच्या फटीतून निळी-पिवळी ज्वाळा हातभर बाहेर आली आणि आत गेली. हिरवे स्टिकर जळाले. कुमुदताईंच्या कपाळावरचे केस आणि डावी भुवई जळाली. तांदळाचे पातेले खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले.

दारात उभे असलेले वसंतराव धावत आले. बायकोच्या कपाळावर थंड पाण्याचा हात फिरवत राहिले. डोळा वाचला होता. मग सवयीने त्यांचा ओला हात ओट्याच्या ड्रॉवरकडे गेला. तिथे अपघाताचे फॉर्म असत.

“अहो,” कुमुदताई म्हणाल्या, “तो ड्रॉवर उघडायचा नाही.”

वसंतरावांनी हात मागे घेतला. पर्णिका ओल्या केसांनी रडत उभी होती. “आई, आय ॲम सॉरी,” एवढेच ती म्हणत होती. कुमुदताईंनी तिला जवळ घेतले आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

“कमरुद्दीनभाई, यल्ला, लगेच या. हुकूम माझा.”

कमरुद्दीनभाईंनी आधी सिलिंडर बंद केला. मग चार स्क्रू काढले. छोट्या ज्योतीच्या नळीच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे आणि रेतीची धूळ मिळून एक बोळा झाला होता. तो निरांजनातल्या फुलवातीएवढा होता. त्याने ज्योत गुदमरली होती, म्हणून मोठा बर्नर उशिरा, साठलेल्या गॅससकट पेटत होता. भाईंनी बोळा काढला, जुन्या टूथब्रशने नळी आणि बर्नर साफ केला, झाकण लावले. सगळ्याला नऊ मिनिटे लागली. नळ सोडल्यावर गीझर पेटला की नाही, हे फटीतून डोकावून पाहावे लागले.

संध्याकाळी वसंतरावांनी प्रामाणिकपणे जुनी फाइल काढली आणि त्र्याऐंशी पानांत कोळी शोधला. तो कुठेही नव्हता. पेन्सिलीचा शेरा पर्णिकेने तक्ता स्वच्छ करताना खोडला होता.

“तू मला एकदा नीट सांगायला हवं होतंस, कुमुद,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले.

कुमुदताई आरशात भुवई पाहत होत्या. त्यांनी वळूनही पाहिले नाही.

इथे वाचकाला वसंतरावांचा राग येणे स्वाभाविक आहे, आणि तो यावाच. मात्र नोंद एवढीच करायची, की अपघात होण्याआधी या हकिगतीत कोळ्याचा उल्लेख चार वेळा आलेला आहे, चारही वेळा कंसात. आणि कंसातला मजकूर आपण कसा वाचला, हे आपले आपल्याला ठाऊक आहे. वसंतरावांना निदान ऑडिट तरी होते.

(कुमुदताई परवापासून म्हणताहेत, इस्त्रीचा प्लग गरम होतो.)