न फुटलेली पट्टी

उभी असलेली प्रत्येक इमारत ही अजून न पडलेली इमारत असते. हे सत्य वरवर साधं वाटतं, पण ते शास्त्रशुद्ध मांडण्यासाठी आमच्या कुमासी शहरात एक अख्खी संशोधन संस्था काढावी लागली आणि तिथे मला नोकरी लागली. संस्थेचे विभाग दोन. वरच्या मजल्यावर 'विद्यमान इमारती', खालच्या मजल्यावर 'नागरी जलव्यवस्था'. (वरच्या मजल्याचा नळ खालच्या मजल्यावर गळतो. यापलीकडे दोन्ही विभागांत देवाणघेवाण नाही.)

आमच्या व्याख्येनुसार विद्यमान इमारत म्हणजे अभ्यास सुरू करताना जी उभी होती आणि अहवाल छापून येईपर्यंत उभी राहिली ती. मध्येच जी पडते ती नमुन्यातून वगळली जाते. त्यामुळे आम्ही अभ्यासलेली एकही इमारत आजवर पडलेली नाही. असा विक्रम उभ्या खंडात दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही.

आंटी पोकुआचं घर आमच्या नमुन्यात आलं ते जेवणाच्या सुटीमुळे. रस्त्याला लागून तिचं दुमजली घर, खालच्या पुढच्या खोलीत ती चवळीभात विकायची. आमचे विभागप्रमुख इंजिनिअर डॉक्टर अदुहेने (आमच्याकडे दोन्ही पदव्या उच्चाराव्या लागतात, नाहीतर ते वळून बघत नाहीत) तिथे रोज जेवत. ताट कसंही ठेवलं तरी रस्सा रस्त्याच्याच बाजूला ओघळतो, हे त्यांच्या लक्षात आलं. संशोधनाची सुरुवात इथून झाली.

घराच्या भिंतीवर नगरसभेने फार पूर्वी लाल रंगात 'काम थांबवा, परवाना दाखवा' असं लिहिलेलं होतं. हे वाक्य शहरात इतक्या भिंतींवर आहे, की लोक ते वाचून वर मजले चढवतात. आंटीच्या नवऱ्याने मात्र ते मनावर घेतलं. त्याने खरोखर काम थांबवलं. गच्चीवर सळया आभाळाकडे बघत राहिल्या, आणि तो परवान्यासाठी खेटे घालता घालता म्हातारा होऊन मागच्या वर्षी वारला.

भिंतीला तडा होता आणि जमिनीखाली रस्त्यातली मोठी जलवाहिनी गळत होती. जलविभागाचं मत असं पडलं, की गळती इमारतीखाली आहे, सबब विषय इमारतींचा. इमारत विभागाचं मत असं, की पायाखालची माती पाण्याने वाहून जाते आहे, सबब विषय पाण्याचा. दोन्ही मतं अचूक होती. ती एका चांगल्या हॉटेलातल्या परिसंवादात, कोंबडीसह, संयुक्तपणे मांडण्यात आली. गळतीविरुद्ध आंटीची तक्रार नव्हतीच. गल्लीतले नळ कोरडे असत तेव्हाही तिच्या मागच्या दारी पाणी असे, आणि सगळी गल्ली तिथेच बादल्या भरी. दुरुस्तीला माणसं आली की ती त्यांना आधी जेवायला वाढायची. भरल्या पोटी खणायचं कोणाच्या जिवावर येणार नाही?

तडा वाढतो आहे का, हे तपासायला त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतात. पट्टी फुटली तर तडा जिवंत, असं शास्त्र सांगतं. डॉक्टरांनी पट्टी लावली. ती फुटली. दुसरी लावली, तीही फुटली. असं बरेचदा झाल्यावर त्यांनी धाडसी निष्कर्ष काढला: बाजारातली काच हलक्या प्रतीची आहे. मग त्यांनी जेवणाच्या टेबलावरच्या पारदर्शक प्लास्टिकची पट्टी कापून लावली. ती काही केल्या फुटेना. आलेखाची रेघ आडवी झाली आणि विभागात मिठाई वाटली गेली.

आंटीला मात्र घाई होती. नवऱ्याचं वर्षाचं कार्य जवळ आलं होतं.

"डॉक्टर, मोठे शब्द नकोत. सगळं गणगोत येणार. माणसं घरात घेऊ की नको, तेवढं सांगा."

"आंटी, विज्ञान 'घेऊ की नको' असं बोलत नाही."

"मग कसं बोलतं?"

"'अधिक संशोधनाची गरज आहे' असं."

"माझ्या बहिणीचा नवरा लग्नाआधी असंच बोलायचा," आंटी म्हणाली. "पोरगं शाळेत जायला लागलं तेव्हा उभा राहिला लग्नाला. रस्सा वाढू?"

आमच्याकडे माणूस जिवंत असेतो घराला कोणी रंग लावत नाही, आणि तो गेला की लावल्याशिवाय राहत नाही. आंटीनेही डॉक्टरांच्या पट्टीपुरती जागा सोडून तडा लिंपला, नगरसभेची लाल अक्षरं झाकली आणि आतून-बाहेरून घर पिवळंधमक केलं. रंगाऱ्यांनी नेहमीप्रमाणे उशीर केला. शनिवारी पाहुणे आले तरी रंग ओलाच.

"आत कोणी पाय ठेवायचा नाही!" आंटी दारात आडवी उभी राहून ओरडत होती. "काळे कपडे पिवळे करून घ्याल आणि मलाच नावं ठेवाल!"

म्हणून सगळं गणगोत रस्त्यावर मांडवात बसलं. कर्ण्यावरून कोणी किती आहेर दिला ते पुकारणं चाललं होतं. डॉक्टरांचं नाव पदव्यांसह घेतलं गेलं, आणि घर बसलं. पडलं म्हणणं बरोबर नाही. दमलेला माणूस बसतो तसं ते खाली बसलं.

धूळ उतरल्यावर आंटी म्हणाली, "आमच्या ह्यांची खुर्ची आत होती." मला रडू आलं. (शनिवार होता, कार्यालयीन वेळ नव्हती.)

डॉक्टरांनी ढिगाऱ्यात शिरून विटेचा एक तुकडा उचलून आणला. त्यावर प्लास्टिकची पट्टी चिकटलेली होती. "बघा!" ते म्हणाले. "फुटली नाही!" या पट्टीला पुढे पारितोषिक मिळालं. घर व्याख्येनुसार विद्यमान न राहिल्याने नमुन्यातून वगळण्यात आलं. जलविभागाला गळती एकदाची डोळ्यांनी दिसली, ती त्यांनी तत्परतेने बुजवली आणि गल्लीचं पाणी संपलं. ओला रंग हे प्राणहानी टाळण्याचं साधन ठरू शकतं का, यावर सध्या अधिक संशोधन चालू आहे.

आंटी बहिणीकडे राहते. तिथल्या भिंतीला तडा नाही. तड्याच्या जागी पाद्रीबाबांच्या फोटोचं मोठं कॅलेंडर आहे.

तुम्ही आमच्या पट्टीला हसलात, हसा. तुमच्याही घरात एका ठरावीक जागी कॅलेंडर आहे. महिने उलटले, वर्षं उलटली, तरी तुम्ही त्याची जागा बदलत नाही. मध्यंतरी ते तुम्हाला भिंतीच्या मानाने जरा वाकडं दिसलं, म्हणून तुम्ही खुर्चीवर चढून नीट केलंत. कॅलेंडर वाकडं नव्हतं. ते खिळ्याला सरळच लटकत होतं.