शेडबाळ्यांच्या परसातली सातवी प्रजाती

सांगलीच्या हिरवाई कॉलनीत राहणारे नेमगोंडा शेडबाळे यांची वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी वन्यजीव म्हणून नोंद झाली. नोंद रीतसर झाली, अर्ज-बिर्ज भरून, आणि तिच्यात खोट काढायला कुणाला जागा नाही.

नेमगोंडा म्हणजे घरातले आप्पा. एस.टी.त सदतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवर त्यांनी माइकशिवाय गाडी पुकारली तरी पलीकडच्या रसवंतीतला माणूस ग्लास तसाच ठेवून धावत यायचा. कॉलनीतलं घर त्यांनी बांधलं, मागचं परस त्यांनीच राखलं. आता त्या परसावर सुनेचा, म्हणजे पद्मजाचा ताबा होता. ताबा कसला, चळवळच होती ती.

पद्मजा मित्रबाग मंडळाची सभासद. या मंडळाचं म्हणणं असं, की रानातले जीव परसात आपले आपण यायला पाहिजेत आणि त्यांना तिथं घरच्यासारखं वाटायला पाहिजे. म्हणून शेडबाळ्यांच्या परसातल्या फरश्या उखडल्या गेल्या. पालापाचोळा झाडायला बंदी आली. चार कोपऱ्यांत पाण्याची पसरट भांडी बसली. ज्याच्या परसात सात प्रजाती येतात, त्याच्या फाटकाला मंडळ हिरवी पाटी लावतं. शेजारच्या कुडचे वहिनींच्या फाटकाला ती दोन वर्षांपूर्वीच लागली होती, आणि तेव्हापासून पद्मजाच्या जिवाला चैन नव्हतं. तिच्याकडे सहाच होते: मुंगूस, खार, भारद्वाज, बुलबुल, सरडा आणि बेडूक. कावळा धरत नाहीत.

जीवांना घरच्यासारखं वाटावं म्हणून घरच्यांना जरा आवरतं घ्यावं लागलं. भारद्वाजानं कुंपणात घरटं घातलं तेव्हा आप्पांनी पहाटेचं खोकणं थांबवावं, अशी विनंती झाली. खोकला कधी विनंती ऐकतो? मग आप्पांची कॉट दिवाणखान्यातून मधल्या खोलीत गेली. मधल्या खोलीच्या खिडकीवर बुलबुल बसायला लागला, तेव्हा ती परसाच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत गेली. मुंगसाचं बीळ मात्र तीन वर्षांत कुणी इंचभर हलवलं नाही. आता बेडकांसाठी तळं खोदायचं ठरलं होतं आणि तळ्याला योग्य अशी सखल, सावलीची जागा पत्र्याच्या खोलीखालीच होती. आप्पांच्या मुलानं, अभिनंदननं, बेळगावजवळच्या एका वृद्धनिवासात त्यांचं नाव घालून ठेवलं होतं. महिनाअखेरीला पोचवायचं होतं.

"तिथं तुमच्या वयाची माणसं भेटतील, आप्पा," तो म्हणाला.

"माझ्या वयाची माणसं बघून करायचंय काय मला? लोणचं घालू?" आप्पा कडाडले. "मी हितनं हलणार नाही. सांगून ठेवतो."

अभिनंदन घड्याळ बघून निघून गेला. आप्पांना खरोखर दुसरं काही नको होतं. हे परस, ही खोली, आणि वेळ आली की इथंच डोळे मिटावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मंडळाचा एक नियम फार कडक आहे. दर रविवारी सकाळी सात ते आठ स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा चार बोटं सरकवून बसायचं आणि परसात दाणे ठेवलेल्या परातीपाशी जो जीव येईल तो वहीत लिहायचा. आपली अक्कल चालवायची नाही. आला तो लिहायचा. हे काम अकरा वर्षांच्या श्रुतिकाकडे, म्हणजे पद्मजाच्या मुलीकडे होतं. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, अशी आईनं तिला तंबी दिली होती.

आता आप्पा पडले जुन्या वळणाचे जैन. सूर्यास्तानंतर तोंडात घास घालायचा नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. मुलगा-सून कामावरून यायची सात-साडेसातला, कुकर लागायचा आठला. म्हणजे रात्रीचं जेवण आप्पांच्या नशिबी नव्हतंच. रविवारचा नाश्ता साडेनऊला. सकाळी सातला पोटात नुसते कावळे ओरडत असायचे आणि समोर परातीत टपोरे शेंगदाणे. आप्पा बाहेर यायचे, इकडंतिकडं बघायचे, मूठभर दाणे उचलायचे आणि खोलीत निघून जायचे. श्रुतिका लिहायची: आजोबा, एक.

असे अकरा रविवार झाले होते. तिमाहीच्या तक्त्यात खाली एकूण प्रजाती सात असा आकडा दिसला, तशी पद्मजा हरखली. वर काय लिहिलंय ते न बघताच वही मंडळात देऊन आली.

गुरुवारी मंडळाचे निरीक्षक कोठावळे तपासणीला आले. गळ्यात दुर्बीण, काखेत फाइल, आणि माणूस इतका शांत, की त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायची लाज वाटावी. त्यांनी वही उघडून सातव्या नावावर बोट ठेवलं. पद्मजाचा चेहरा पडला.

"अहो, लहान आहे ती. चेष्टा केली असेल," ती म्हणाली.

"वहीत चेष्टेचा रकाना नाही," कोठावळे म्हणाले. "सलग अकरा रविवार नोंद आहे. इतकं नेमानं तर तुमचं मुंगूसही आलेलं नाही. हा राहतो कुठं?"

अभिनंदननं पत्र्याच्या खोलीकडं बोट केलं.

"निवारा घरापासून वेगळा," कोठावळ्यांनी लिहिलं. "घरातल्या माणसांबरोबर खातो?"

"आमच्या वेळा जुळत नाहीत," पद्मजा म्हणाली.

"घरी माणसं आली की?"

"खोलीतच असतात. आम्ही काही तसं सांगितलेलं नाही हं! आपले आपणच जातात."

"लाजाळू. आवाज ओळखू येतो?"

"खोकला," अभिनंदन म्हणाला. "पहाटे पाचला."

"तुम्ही शेवटचं जवळ जाऊन कधी पाहिलंत? हातभर अंतरावरून?"

अभिनंदननं बोटांवर काहीतरी मोजून बघितलं आणि सोडून दिलं. कोठावळ्यांनी तिथंही खूण केली.

एवढ्यात आप्पा दारात आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी, आणि डोकं तापलं होतं. "अरे ए, मी ह्याचा बाप आहे!"

"आप्पा, पाच मिनिटं थांबा ना," अभिनंदन म्हणाला. "ऑफिशियल चाललंय."

कोठावळे मात्र आप्पांकडं वळले. ते तपासणीत जीवाचं म्हणणं नेहमी विचारात घेत. "पूर्वी पाळीव होता?"

"होतो की. सदतीस वर्षं हजेरी लावली. निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली."

"सुटून दहा वर्षं झाली की वन्य धरतात," कोठावळे म्हणाले. "तुमची हरकत असेल तर खोडतो. पण नोंद झाली तर काय होतं, ते आधी सांगणं माझं कर्तव्य आहे. नोंदलेल्या जीवाच्या बिळाला हात लावता येत नाही. त्याला पकडून दुसरीकडं नेऊन सोडता येत नाही."

आप्पांचा वर गेलेला हात तसाच राहिला. "म्हणजे ही खोली?"

"पाडता येणार नाही."

"आणि बेळगाव?"

"स्वतः उडत गेलात तर मंडळ अडवणार नाही."

"आणि अटी काय त्याच्या?"

"हातानं भरवायचं नाही. बोलायचं नाही. आणि उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. एकदा जरी आत आला, तरी तो पाळीव झाला. नोंद रद्द."

आप्पांनी मुलाकडं बघितलं. एवढं ऐकून तरी हा म्हणेल, की राहू दे हो साहेब, आमचे वडील आहेत ते. अभिनंदन पद्मजाकडं बघत होता आणि पद्मजा फाटकाकडं बघत होती. आप्पांना फार वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "लिहा."

सही चालत नाही, पायाचा ठसा लागतो, असं निघालं. ज्या माणसानं सदतीस वर्षं दिवसाला चाळीस सह्या केल्या, त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि ओल्या मातीत उजवं पाऊल दाबलं. कोठावळ्यांनी पट्टी लावून ठसा मोजला. अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला आहे, ही ओळखीची खूण म्हणून त्यांनी वेगळी टिपून घेतली.

पुढच्याच आठवड्यात पाटी लागली. तळं रद्द झालं, बेळगावला नकार कळवला गेला, आणि आप्पांचे दिवस पालटले. पद्मजानं मंडळाच्या वाचनालयातून आहारावरची माहिती आणली. हा जीव सूर्यास्तानंतर खात नाही, हे तिला पहिल्यांदाच तिथं ध्यानात आलं. ती कामावरून लवकर सुटी मागून साडेपाचच्या आत घरी यायला लागली. परातीजवळ मऊ भाकरी, वरण, वाटीभर दही ठेवून चवड्यांवर मागं सरायची. नऊ वर्षं ज्या गुडघ्यासाठी आप्पा डॉक्टर डॉक्टर करत होते, त्या गुडघ्यासाठी मंडळाचे पशुवैद्य स्वतः आले. मलम चांगलं होतं. वास जरा म्हशीचा यायचा, पण गुण आला.

कॉलनीतले लोक दुर्बिणी घेऊन येत. कुडचे वहिनी खिडकीत तासभर बसल्या आणि म्हणाल्या, "किती शांत आहे हो तुमचा! आमच्याकडं असलं काही येतच नाही." त्यांचे स्वतःचे सासरे वरच्या मजल्यावर होते, पण ते खाली उतरत नसल्यामुळं मोजता येत नव्हते. पद्मजानं मंडळाच्या ग्रुपवर एकदा लिहिलं, आज तो थोडा सुस्त वाटतोय. त्रेचाळीस लोकांनी काळजीनं विचारपूस केली. आप्पा दोन दिवस तापानं फणफणले होते, तेव्हा शेजारी शिट्टीसुद्धा वाजू देत नव्हते कुकरची.

श्रुतिका तेवढी अधूनमधून कुंपणाशी यायची आणि काही न बोलता उभी राहायची. बोलायला बंदी होती. आप्पा तिच्यासाठी कान हलवून दाखवायचे. ती हसायची. वर्ष असं बरं गेलं.

नोंदणीच्या नूतनीकरणाला आठ दिवस होते, तेव्हाची गोष्ट. रविवार होता. पद्मजा श्रुतिकाला घेऊन माहेरी गेलेली, म्हणून वही अभिनंदनकडं आली होती. आप्पा सातला बाहेर आले. दाणे निवडू लागले. खिडकीच्या फटीतून मुलाचा एक डोळा दिसत होता. तो बराच वेळ हलला नाही. मग खिडकीतून गेला आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं.

अभिनंदन अनवाणी पायरीवर उभा होता. केस विस्कटलेले, आणि चेहरा दहावीला नापास झाला होता तेव्हासारखा.

"आप्पा," तो म्हणाला, "आत या. चहा टाकलाय. आलं घालून."

आप्पांच्या हातातले दाणे खाली पडले. आल्याचा वास परसात आला होता. उंबरा दहा पावलांवर होता. जावंसं वाटलं त्यांना, इतकं वाटलं, की एक पाऊल पुढं पडलंसुद्धा. पोरगं खरंच बोलावत होतं का? खरंच असेल, तर चहा दहा मिनिटांत संपणार होता, आणि नोंद गेली की खोली महिन्याभरात. खोटं असेल, तर नूतनीकरणाला आठच दिवस असताना आपण अजून बिचकतो का ते बघायची अक्कल सुनेची. आप्पा मुलाच्या तोंडाकडं बघत राहिले, पण हातभर अंतरावरून बघितल्याशिवाय काही कळेना. आणि तेवढ्या जवळ जायची सोय राहिली नव्हती.

"आप्पा?" अभिनंदन एक पायरी उतरला.

आप्पा वळले, भरभर चालत खोलीत गेले आणि आतून कडी घातली. दाराला पाठ लावून ते खाली बसले आणि तोंडात उपरणं कोंबून रडले, कारण आवाज त्यांचा मोठा होता. बाहेर अभिनंदन बराच वेळ उभा होता. मग त्यानं दार हलकेच ओढून घेतलं, बिचकू नये म्हणून.

खिडकीशी बसून त्यानं वहीत नियमाप्रमाणे लिहिलं: सात वाजून वीस मिनिटं. एक. माणूस जवळ येताच निघून गेला. पुढच्या सोमवारी कोठावळ्यांनी ती ओळ वाचली, समाधानानं मान हलवली आणि नोंदणी आणखी पाच वर्षं वाढवून दिली.