दगड नसलेला ग्राइंडर

चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या एका इमारतीत रहिवाशांची डोकी दुखू लागली, आणि गच्चीवर राघोत्तमरावांच्या रेडिओची तार होती. एवढा पुरावा रहिवासी संघाला पुरेसा होता.

राघोत्तमराव हौशी रेडिओवाले. सरकारी परवाना घेऊन तरुणपणी बिस्किटांच्या डब्यात स्वतः जोडलेला संच अजून चालत होता. सकाळची कॉफी झाली की ते तंजावरच्या व्यासराजांशी मोर्सच्या ठोक्यांत गप्पा मारत. व्यासराजांचे डोळे आणि कान दोन्ही संपावर गेलेले; बिचारे स्पीकरवर बोट ठेवून ठोके ओळखत. जगाशी त्यांचा तेवढाच धागा उरला होता.

संघाचे चिटणीस गिरिधर पाहणीला आले. "मामा, हे कुठल्या कंपनीचं?"

"घरी केलंय. हा परवाना."

"परवाना तुमचा झाला. मशीनचं काय? कंपनीच नाही, तर धोका नाही हे सांगणार कोण? काढून टाका."

व्यासराजांचं बोट आठवून राघोत्तमराव डब्यावर हात ठेवून बसले. त्यांच्या पत्नी विशालाक्षी मात्र उठल्या. इडलीचं पीठ दगडाने वाटणाऱ्या, आता मोडीत निघालेल्या कोईमतूरी ग्राइंडरवरची कंपनीची पट्टी सोडवून त्यांनी ती डब्यावर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी गिरिधरांनी पट्टी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. "हे आधी सांगायचं ना, मामा."

त्या आठवड्यात इमारतीत एकाचंही डोकं दुखलं नाही.

पण कंपनीचं मशीन म्हटलं की कंपनीची वार्षिक तपासणी आलीच. नियमाप्रमाणे संघाने पट्टीवरच्या कंपनीला कळवलं, नियमाप्रमाणे मेकॅनिक आला. त्याने डबा उघडला, आत टॉर्च मारला आणि सचोटीने शेरा दिला: दगड नाही. पीठ वाटले जात नाही. यंत्र निकामी.

"निकामी मशीनला तार कशाला?" गिरिधर म्हणाले.

"अहो, आज सकाळीच बोललोय मी यावरून."

"मामा, कंपनीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

तार उतरली. मोकळ्या गच्चीवर लवकरच मोबाइलचा टॉवर उभा राहिला, कंपनीचं नाव ठळक अक्षरांत मिरवत. त्याच्या खाली सगळे सुखाने झोपतात.

तिकडे तंजावरला व्यासराज रोज कॉफीनंतर स्पीकरवर बोट ठेवून बसतात. राघोत्तमची तब्येत बरी नसावी, असं त्यांना वाटतं.

वाचकहो, ही गोष्ट फोनवर वाचत असाल तर फोन उलटा करून कंपनीचं नाव तेवढं बघून घ्या. आहे ना? मग तुमचं काही दुखायचं कारण नाही.