हात ठरणारा रंग

पेणच्या आमच्या रंगाच्या दुकानात काशीनाथ नाना आले की आधी बादली मागतात. बाकीची गिऱ्हाइकं शेडकार्ड मागतात, हे बादली. कॅनमधून आणलेलं खाडीचं पाणी तिच्यात ओततात, उजवा हात कोपरापर्यंत बुडवतात, डोळे मिटतात आणि नमुन्याची रंगवलेली फळी उभी करून तिला पंजाने पकडायला जातात. हात घसरतो. घसरणारच, ओला हात आणि कडक रंग. मग नाना डोळे उघडून म्हणतात, "ठरत नाय गो बाय. दुसरा दाव."

मी केमिस्ट्रीची बीएस्सी. कासू गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. त्यामुळे प्रमाणपत्र मी काउंटरच्या मागे भिंतीवर लावलंय आणि कोणी विचारलं नाही तरी समजावून सांगते. नानांनाही सांगितलं. होडी पाण्यात राहिली की बुडाला शेवाळ धरतं, मग कालवं धरतात. होडी जड होते, शीड कितीही फुगलं तरी जागची हलत नाही. म्हणून बुडाला तांब्याचा रंग लावायचा. तांबं थोडं थोडं पाण्यात सुटतं आणि कालवं तिथे टिकत नाहीत. पण धरमतरच्या खाडीत होडी ओहोटीला चिखलावर बसते, मऊ रंग खरवडून निघतो. तेव्हा कडकच हवा. आणि कडक म्हणजे गुळगुळीत.

"त्योच तर वांदा," नाना म्हणाले. "मासा सुटतो तसा हात सुटतो."

"अहो नाना, बूड पाण्याखाली असतं. तिथे हात लावायला कोण जातंय?"

नानांनी फळी काउंटरवर पालथी घातली आणि ओला पंजा तिच्यावरून घसरू दिला. मला उगाच पंख्याचं बटण तपासावंसं वाटलं.

असं तीन वर्षं चाललं. त्यांच्या घरची होडी तीन वर्षं किनाऱ्यावर ओंडक्यांवर. एकदा नानांबरोबर त्यांच्या भावाची मुलगी वैशाली आली. होडी तिच्या वडिलांची. पर्यटकांना शिडाच्या होडीतून फिरवायचा परवाना तिने खेटे घालून मिळवला होता.

"ताई, यांच्या गळ्यात कंचा पन डबा घाल," ती म्हणाली. "सुकून फळ्यांच्या फटी वाढल्यात. हा उन्हाळा गेला तर होडी चुलीत घालायची."

"चुलीत गेली तं कोनी बुडत नाय," नाना शांतपणे म्हणाले आणि बादली उचलून पाणी गटारात ओतायला गेले.

मग एक दिवस त्यांनी मला धरमतरला बोलावलं. जुन्या धक्क्यावरून त्यांनी आम्ही दिलेल्या नमुन्याच्या रंगांच्या फळ्या दोरीने खाडीत सोडल्या होत्या. भर दुपार, पूर्ण ओहोटी. पलीकडच्या बार्जवरची क्रेन जेवणाच्या सुट्टीत थांबलेली. वारा नव्हता. फक्त उघड्या पडलेल्या चिखलातून बुडबुड असा बारीक आवाज येत होता, कोणी तोंडातल्या तोंडात बोलावं तसा.

नानांनी एकेक फळी ओढून वर घेतली. रंगवलेल्या सगळ्या स्वच्छ. बिनरंगाची एक होती, ती कालवांनी पांढरी पडलेली. तिच्या मधोमध जागा मोकळी होती. पाच बोटं आणि तळवा.

"रोज धरतंय कोनतरी," नाना म्हणाले. "रंगाच्यांनाबी धरून बघत असंल. ठरत नसंल."

"तुम्हीच धरता, वर ओढताना. जिथे रोज हात लागतो तिथे कालवं बसत नाहीत."

नानांनी आपला हात त्या जागेवर ठेवला. मोकळी बोटं त्यांच्या बोटांपुढे पेरभर उरली.

"माजा हात आखूड. भावाचा लांब व्हता."

कडेची कालवं गळून पडतात आणि जागा वाढते, हे मला ठाऊक आहे. मी ते बोललेही. पण माझाच आवाज मला परका वाटला, आणि चिखलातली बुडबुड त्या वेळी थांबली होती.

मग नानांनी खाली बघत सांगितलं. तीन वर्षांपूर्वी होडी याच पाण्यात उलटली. नाना शिडाच्या दोरात गुंतलेले, भाऊ उलट्या बुडावर चढायला बघत होता. रंग नवाकोरा, कडक, नानांनीच मुंबईहून आणलेला. "तीन बारी चढला, तीन बारी घसरला. मी बघत व्हतो."

खरं तर मला काहीतरी मायेचं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "नाना, रंग बदलून उपयोग नाही. दोर लावू." बुडाच्या दोन्ही बाजूंना जाड दोर, हातहातभर अंतरावर ठोकायचा आणि मध्ये पंजा शिरेल एवढा सैल सोडायचा. होडी उलटली की बूड वर येतं आणि तोच दोर हाताशी येतो. दोराला कालवं धरतील, ती खरवडायची.

नानांनी विचारलं, "बीएस्सीत शिकवत्यात ह्ये?"

"नाही. हे माझं मी."

वैशालीने ऐकल्यावर तोंड वाकडं केलं. "होडी हळू चालंल, काका."

"चालू दे."

फटी कापूस कोंबून बुजवल्या. तांब्याचा कडक लाल रंग दोन हात बसला. दोर नानांनी एकट्याने ठोकला, आणि प्रत्येक खिळ्यानंतर त्याला लोंबकळून बघितलं. भरतीला होडी पाण्यात गेली. वैशालीने शीड सोडलं, मागे वळून हात केला आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

नाना धक्क्याच्या पायरीवर बसले. पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी काढली. एक भाकरी मला दिली, एक स्वतः घेतली, एक बाजूला पानावर ठेवली, पाण्याकडे तोंड करून.

"त्या दिशी भाऊ खायाला बसलेला," ते म्हणाले. "मीच उठवला. म्हनलं, रंग वाळलाय, चल."

पाणी पायऱ्या चढत पानापर्यंत येईस्तोवर आम्ही दोघं सावकाश जेवलो.