मोहितेकाकूंचा गज

मोहितेकाकू बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चटई अंथरून व्हायोलिन वाजवायच्या. दुपारी शाळेच्या व्हॅन आणि कामाच्या बायका येऊन गेल्या की काकू लिफ्टमध्ये मांडी घालत आणि समोरच्या आरशात बघत सा लावत. दार उघडलं की आधी व्हायोलिन दिसायचं, मग काकूंचे गुडघे, मग काकू.

कारण साधंच होतं. निवृत्त झाल्यावर काकू निजामपुऱ्यातल्या एका सरांकडे व्हायोलिन शिकू लागल्या. बोटांना सूर सापडले, अलंकार पाठ झाले, आणि तिथेच गाडी अडली. तारांवर फिरवायचा त्यांचा गज तिरका जायचा. सर म्हणाले, "गज सरळ झाल्याशिवाय राग नाही. मोठ्या आरशासमोर बसा." अख्ख्या भिंतीचा आरसा काकूंच्या पाहण्यात एकच होता.

तिरक्या गजाचा दोष त्या घराण्याला देत. "आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत. तलवार आवळून धरायची सवय. चमचासुद्धा आम्ही आवळूनच धरतो." त्यावर सरांनी मंत्र दिला होता, 'अंगठा सैल.' तो काकू गावभर वाटायच्या. मी स्कूटर काढली की म्हणायच्या, "सोनल, अंगठा सैल." भाजीवाल्याने तराजू उचलला की, "अंगूठो ढीलो राखो, भाई." मापात खोट पकडली असं वाटून तो बिचारा मूठभर मिरच्या जास्त टाकायचा.

सुराच्या बाबतीत तर त्या कुणाचीच गय करत नसत. सोसायटीच्या गणपतीत एकदा त्यांनी भर आरतीत हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "पहिल्यापासून घ्या," म्हणाल्या, "देवाला कान आहेत." आरतीतला कापूर तोवर संपला होता.

लिफ्टचं प्रकरण सेक्रेटरी जयेशभाईंमुळे संपलं. ते पाहुण्यांना घेऊन आले. दार उघडलं तर आत काकू. "मासी, लिफ्ट बधानी छे, सगळ्यांची," ते हळूच म्हणाले.

"मी कुठे नाही म्हणतेय? या ना, जागा आहे."

पाहुणे भिंतीला चिकटून उभे राहिले. मजला आला, पण काकूंचा गज अजून टोकापर्यंत पोचला नव्हता. तो पोचेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंना लिफ्टमध्ये वाजवायची मनाई झाली.

त्या दुपारी त्या चटई घेऊन आमच्या दारात. "तुझ्या आईच्या कपाटाला आरसा आहे ना?"

ते कपाट बाबांच्या खोलीत होतं. आई जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते आणि बाबांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. जेवायला बोलावलं तर 'हं', औषध दिलं तर 'हं'. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

"काकू, बाबांना आवाज सहन नाही होणार."

"माझा मलाही होत नाही," असं म्हणत त्या आत गेल्यासुद्धा.

मग रोज दुपारी आतून दार करकरल्यासारखा आवाज येऊ लागला. बाबांचं तोंड भिंतीकडेच. हळूहळू करकर कमी झाली. एक दिवस काकूंनी पेढे आणले, सरांनी भूप राग सुरू केला होता.

एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करत होते. आत व्हायोलिनबरोबर कुणीतरी गात होतं. घोगरा, सवय मोडलेला आवाज. बाबांचा. सा रे ग प करत दोघं वर चढले. वरच्या सा पाशी बाबांचा आवाज फाटला आणि ते गप्प झाले.

मी जागेवरून उठले. काकू आता 'पहिल्यापासून घ्या' म्हणणार, आणि बाबा पुन्हा भिंतीकडे वळणार.

पण आतून खुंट्या पिळल्याचा आवाज आला. त्या तारा सैल करून सूर खाली उतरवत होत्या. "सोनलचे बाबा, या पट्टीत बघा," त्या म्हणाल्या. या वेळी बाबा वरच्या सा पर्यंत पोचले.

त्यानंतर काकू रोज तारा उतरवायच्या. एकदा मी त्यांना स्कूटरवरून क्लासला सोडायला गेले. सरांनी व्हायोलिन हातात घेतलं, तारा छेडून पाहिल्या. "काकू, या रोज इतक्या उतरतात कशा?"

"बडोद्याची हवा, सर."

"हवेने चारही तारा सारख्या नाही उतरत."

"मांजलपूरला उतरतात," काकू म्हणाल्या.

सर हसले. "बरं. आणि गज आता छान सरळ जातोय. आता आरसा नको म्हणून सांगितलं होतं, सोडला ना?"

काकूंनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

परतताना त्या व्हायोलिन मांडीवर घेऊन मागे बसल्या. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा म्हणाल्या, "सोनल, ते आरशाचं बाबांना सांगू नकोस हं."

"का हो, काकू?"

"मग मी उद्या कशाला येऊ?"