ठमाकाकूंच्या उसाला तोड

ठमाकाकूंच्या नावावर उसाचं एक टिपरूही नव्हतं, आणि तरी त्या दिवशी सकाळी त्यांच्या उसाला तोड आली. कल्याणी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसते न बसते तोच काकू मोबाइल नाचवत दारात हजर झाल्या.

"कल्याणे, वाच गं हे. कारखान्याचं कायतरी आलंय."

कल्याणीने वाचलं आणि कप खाली ठेवला. 'आपल्या उसाची तोड आज आहे. तोडणी टोळीसाठी वाट मोकळी ठेवावी.' हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. गेला पंधरवडा ती याच वाक्याची तपासणी करत होती.

मंचरला खताच्या दुकानावरच्या माडीत ऋषीची सॉफ्टवेअर कंपनी होती. पुण्याची मोठी नोकरी सोडून तो दोन हजार नऊ साली इकडे आला आणि येताना अजाइल नावाची पद्धत बरोबर घेऊन आला. काम तुकड्यातुकड्याने करायचं, दर पंधरवड्याला काहीतरी चालणारं गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि रोज सकाळी उभ्याने मीटिंग घ्यायची. उभ्याने का, तर माणूस बसला की चहा मागवतो. भिंतीवर 'करायचंय', 'चाललंय' आणि 'झालं' असे तीन रकाने होते. पंखा लावला की 'करायचंय'मधल्या चिठ्ठ्या आपोआप 'झालं'मध्ये जायच्या. एरवी त्या तिथे न्यायचा अधिकार एकट्या कल्याणीचा, कारण ती टेस्टिंगची प्रमुख होती. तिच्या हाताखाली कुणीच नव्हतं, हा भाग वेगळा.

सध्या साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांना तोडीचे निरोप पाठवणारा प्रोग्राम चालला होता. तो लिहायचं काम कपिलचं. काहीही बिघडलं की तो म्हणायचा, "माझ्या मशीनवर चालतंय." कल्याणी म्हणायची, "मग तुझं मशीनच कारखान्याला देऊन टाकू."

चाचणीला नावं आणि नंबर लागत होते. तिच्या गावच्या, महाळुंग्याच्या, आळीतले सगळे मोबाइल कल्याणीनेच चालू करून दिलेले, त्यामुळे नंबर जिभेवर होते. तिने तेच भरले. रखमाजीतात्यांना होता तेवढा ऊस दिला, आणि त्यांच्या वहिनी ठमाकाकूंपुढे मुद्दाम शून्य टाकलं. ऊस नाही त्याला निरोप जाऊ नये, हे तिला बघायचं होतं. निरोप बाहेर जायची सोय तिने अर्थातच बंद ठेवली होती.

तिने कपिलला फोन लावला. "काल मी निघाल्यावर काय केलंस?"

"काही नाही गं. खरा मेसेज जातो का, एकदा पाहिलं. एकच तर बटण, त्याला काय टेस्टिंग!"

कल्याणीने कपाळावर हात मारला. आजच कारखान्याचे शेतकी अधिकारी काम बघायला येणार होते. हे काम मिळालं नाही तर ऋषी माडी रिकामी करून पुण्याला परत जाणार होता आणि कल्याणीला पुन्हा पुण्यात कॉट बेसिसवर राहावं लागणार होतं. घरची भाकरी खाऊन कॉम्प्युटरवर नोकरी करायचं सुख तिला फार प्यारं होतं.

"काकू, चुकून आलाय मेसेज. तुमचा ऊसच नाही."

"तेच तर म्हंते मी! माज्या नावावर ऊस हाय, कारखान्याला ठावं हाय, आन् मलाच पत्ता न्हाई. रखमाजीनं लपवला!"

काकू तरातरा निघाल्या आणि कल्याणी त्यांच्यामागे धावली. तिकडे रखमाजीतात्यांनाही मेसेज आला होता आणि त्यांनी ट्रॅक्टरला वाट म्हणून मेथीचा उभा वाफा मोडून ठेवला होता. टोळी आली आणि वाट नसली तर ती शेजाऱ्याकडे जाते, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

"भावजी, माजा ऊस कुटं हाय?"

"वयनी, कसला ऊस? सकाळी सकाळी काय झालं तुमाला?"

"तात्या, टोळी येणार नाही," कल्याणी म्हणाली. "आमच्या ऑफिसातून चुकून गेलाय मेसेज."

"तुज्या हाफिसातनं? मग माज्या मेथीचं काय?" तात्यांनी ट्रॅक्टर चालू केला. काकूही मागे चढून बसल्या. "चला, तितंच इचारू."

कल्याणी भाड्याच्या जीपने मंचरला त्यांच्या आधी पोचली. माडीत कारखान्याचे साहेब आलेले होते. ऋषीने त्यांचा नंबर यादीत भरला, कपिलने बटण दाबलं आणि सगळे साहेबांच्या मोबाइलकडे बघत बसले. मोबाइल गप्प. ऋषी हसला, कपिलने पुन्हा बटण दाबलं, साहेबांनी घड्याळ पाहिलं.

एवढ्यात जिना दणाणला.

"मेसेज आला, टोळी कुटं हाय?" दारातूनच रखमाजीतात्या गरजले.

साहेब खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे मेसेज पोचतोय तर!"

"साहेब, आम्ही थेट शेतकऱ्यांपर्यंत पोचवून बघितलाय," ऋषीने संधी साधली.

"मलाबी आला," काकू पुढे झाल्या. "आता माजा ऊस कुटं हाय तेवढं सांगा."

ऋषीने कल्याणीकडे अशा नजरेने पाहिलं, की आज गप्प बसलीस तर जन्मभर उपकार विसरणार नाही. कल्याणीला पुण्याची कॉट दिसत होती. पण काकूंचा चेहराही दिसत होता, आणि आपण तोंड उघडलं नाही तर हे प्रकरण कोर्टात जाणार हेही कळत होतं.

"काकू, तुमचा ऊस नाही. साहेब, ऊस नसलेल्यालाही निरोप जातोय. ही आमची चूक आहे."

साहेबांनी टोपी उचलली. "पंधरा दिवसांनी येतो. तेवढं नीट करा. तुमच्यात एक मानूस तरी चुकीला चूक म्हंतंय, म्हणून येतो."

चूक दोन दिवसांत निघाली. कल्याणीने या वेळी आळीला आधी सांगून पुन्हा निरोप पाठवला. तात्यांना आला, काकूंना आला नाही. कल्याणी खूश झाली, पण संध्याकाळी काकू दारात.

"बगितलंस? आदी आला, आता बंद केला! भावजींनी वशिला लावला."

"काकू, मी स्वतः दुरुस्त केलंय."

"तू आपल्या घरचं लेकरू, तुला कुनीबी गंडवंल. मशीन कशाला खोटं बोलंल?"

आणि काकूंनी सामायिक विहिरीच्या मोटरीच्या पेटीला कुलूप घातलं. तात्यांची उसाची नवी लागण सुकायला लागली. जाता-येता ते कल्याणीला ऐकवायचे, "चूक तुमची आन् वाळतोय माजा ऊस." घरात वडीलही तिच्याशी धड बोलेनात. तिला ऑफिसात करमेना आणि घरी बसवेना.

साहेब परत यायच्या आदल्या संध्याकाळी ती उठली आणि कपिलजवळ गेली. "काकूंना एक मेसेज पाठव. 'आपल्या नावावर ऊस नाही.' बास."

"आधी टेस्ट करू या का?" कपिलने जन्मात पहिल्यांदा विचारलं.

"एकच तर मेसेज. त्याला काय टेस्टिंग!"

सकाळी काकू मोबाइल घेऊन आल्या. कल्याणीने मोठ्याने वाचून दाखवलं. काकूंनी शांतपणे कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "मशीननं सांगितलं, मिटलं. दे भावजींना. उगंच बिचाऱ्याला बोलले मी."

कल्याणीला पंधरा दिवसांनी पहिल्यांदा चहा गोड लागला. तेवढ्यात बांधावरून रखमाजीतात्या धोतर सावरत, मोबाइल उंच धरून पळत येताना दिसले.

"कल्याणे! माज्या नावावर ऊस न्हाई म्हंतंय! कुनी नेला माजा ऊस?"

तिने त्यांच्या हातातला मोबाइल घेतला. तोच मेसेज. आळीत आणखी दोन-तीन दारं उघडली, आणि तिचा स्वतःचा फोन वाजला. साहेब होते.

"मॅडम, तुमचा मेसेज पोचला बरं का एकदाचा," साहेब म्हणाले. "पन माजा ऊस कुटं गेला?"