सूर्यवंशी सर तिरडी उचलू देत नाहीत

आमच्या लातूरच्या कॉलनीत कुणी वारलं की माणसं आधी हळूच चौकशी करतात, सूर्यवंशी सर घरी आहेत का. असले तर संपलंच. सर येणार, खुर्ची ओढून नेमकी तिरडीच्या वाटेत मांडणार आणि विचारणार, "कोण कोण यायचं राहिलंय?" मग एखादी चुलत जाऊ जरी यायची राहिली असली तरी सर उठत नाहीत.

हे खूळ त्यांनी आफ्रिकेतून आणलं. सर माझ्याच कॉलेजात इतिहास शिकवतात. विद्यापीठाच्या परदेशी अभ्यासाच्या योजनेत आम्ही सगळ्यांनी लंडन मागितलं. सरांनी एकट्यानं घाना मागितलं, आणि अर्थातच त्यांनाच मिळालं. कुमासी नावाच्या शहरात एका बाईंच्या घरी राहून ते सहा महिने आफ्रिकेचा इतिहास आणि संस्कृती शिकून आले. तेव्हापासून स्टाफरूममध्ये कुठलाही विषय निघो, सर तो कुमासीला नेऊन पोचवतात. "आमच्या कुमासीत माणूस गेलं की शवागारात ठेवतेत. लांबचं लेकरू येईस्तोवर हप्त्यावर हप्ते जातेत, पण थांबतेत." पुढ्यात डबा उघडलेला असताना हे ऐकणं फार जड जातं. मी तर जागाच बदलून घेतली होती. त्यांच्या मिसेस म्हणतात, लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, ह्यांनी मयताची रीत आणली.

मागच्या उन्हाळ्यात माझे अप्पा गेले. अक्का, माझी बहीण, बिलोलीला दिलेली. निरोप मिळताच ती निघाली, पण लोह्याजवळ तिची एसटी बंद पडली. ऊन मी म्हणत होतं. काकांना दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं होतं. पोरगी तिसऱ्याला येईल राख सावडायला, असं ते म्हणाले आणि चार जण तिरडीजवळ गेले.

तेवढ्यात टेम्पोतून बर्फाची पेटी घेऊन सूर्यवंशी सर आले. अप्पांना तीत ठेवून घेतलं आणि खुर्ची दारात लावली.

"मास्तर, बाजूला व्हा," काका म्हणाले. "ही काय तुमची आफ्रिका न्हाई."

"न्हाई ना. म्हणून तर बसून राहिलो."

अक्काला दुसरी गाडी मिळाली होती. सर तिला सारखा फोन लावायचे आणि स्टँडवरच्या कंट्रोलरसारखं सगळ्यांना कळवायचे: अहमदपूर आलं, चाकूर सोडलं. लोक वैतागले. एका पाहुण्यानं तर सरांना खुर्चीसकट उचलायचं ठरवलं, पण सरांचं वजन बघून तो गप्प बसला. या माणसाच्या हट्टाला मी इतकी वर्षं हसत आलो होतो. त्या दिवशी तो हट्ट टिकावा म्हणून मी देवाची विनवणी करत होतो.

उजेड कमी होत आला तेव्हा अक्का पोचली. अप्पांच्या गालावर हात ठेवून, लहानपणी हाक मारायची तशी "अप्पा, अप्पा" म्हणत राहिली. सरांनी खुर्ची भिंतीला लावली आणि ते बाहेर गेले.

स्मशानातून परतताना ते माझ्यासोबत चालत होते. मी त्यांचा हात धरला. मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, त्यांची आई निलंग्याला वारली तेव्हा ते कुमासीत होते. भावानं संध्याकाळीच अग्नी दिला आणि मग फोन केला.

"घरमालकिणीला सांगितलं, माय गेली, जाळली बी. तिला खरंच वाटंना. म्हणली, तुझ्यासाठी थांबले न्हाईत? तुझं अन् तुझ्या मायचं भांडण होतं का?"

मी विचारलं, मग काय सांगितलंत?

"हाव म्हणलो. लई मोठं भांडण होतं म्हणलो. परक्या मुलखात सख्ख्या भावाला वाईट कसं म्हणावं, सर?"